मानस

पहिल्यांदा झालं तेव्हा मी फेरीबोटीत उभी होते,
रायबंदर आणि चोडणच्या बरोबर मधे,
जिथून दोन्ही काठ सारखेच लांब.
केमिस्ट्रीची जर्नल छातीशी,
कुणाच्या तरी स्कूटरचा सायलेन्सर पोटरीला शेकत होता,
आणि काहीही झालं नव्हतं.
हेच कुणाला पटत नाही. काहीही झालं नव्हतं.

आधी बोटं गेली.
म्हणजे होती, दिसत होती,
पण मुंग्यांनी आपसात वाटून घेतलेली.
मग ओठ, दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखे.
मग घशात कुणीतरी ओला कापूस
बोटाने ढकलत गेलं, सावकाश,
आणि छातीत चोणक,
नुकताच जाळ्यात आलेला.
आता मी मरणार, असं वाटलं.
आणि लाज वाटावी असं पुढचं:
निदान बोट धक्क्याला लागेपर्यंत तरी नको,
सगळे बघतायत.

बांबोळीला ईसीजी काढला.
गार चिकट बटणं, कागदावर माझे डोंगर
पहिलीतली मुलं काढतात तसे, एकसारखे.
"हार्ट घोड्यासारखं आहे," डॉक्टर म्हणाले.
बाबा इतके सुटले
की कँटीनमध्ये त्यांनी मला दोन पॅटिस घेऊन दिले.
मी खाल्ले. खाताना घोड्याचाच विचार करत होते,
एवढा धावून जातो कुठे,
आणि माझ्या आधी पोचून काय करतो.

आईने मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या.
ठसका आला नाही.
म्हणजे दृष्टच, ती म्हणाली, जरा समाधानाने.
मला तर ठसका हवा होता,
गुदमरायला एखादं साधं कारण.

मग टॉयलेटमधल्या नळाखाली मनगटं धरून बसलेली मी,
शेजारच्या नळावर पिएदाद, तिचीही मनगटं पाण्यात.
आरशातून तिने विचारलं, "तुकाय जाता?"
दोन शब्द. बांबोळीच्या फाइलीत ते कुठेच नव्हते.

आमच्याकडे खाजनाच्या बांधातल्या दारांना मानस म्हणतात.
मराठीच्या बाईंना हे सांगितलं नाही,
त्यांनी फळ्यावर लगेच रूपक म्हणून लिहिलं असतं.
शांबाकाका रात्री तिथे जाळं लावतात.
झोप येईना म्हणून एकदा गेले त्यांच्या मागे,
टॉर्च धरायला.
भरती चढत आली तशी लाकडी दारं मिटली,
कण्हत, आपली आपण.
"आणि उघडता कशी?"
"हांव खंय उघडतां? उदक देंवलें की उघडतात."
नाहीच उतरलं तर, मी विचारलं.
ते बघत राहिले माझ्याकडे,
उद्याचा मंगळवार आला नाही तर, असं विचारल्यासारखे.
मग विडी शोधू लागले.

तेव्हापासून घड्याळ लावते.
अकरा मिनिटं. एकदा एकोणीस.
अर्धा तास कधीच नाही,
हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय
कारण त्या वेळी मला काहीच खरं वाटत नाही,
माझं अक्षर सोडून.

आज परत. भर नदीत.
बोटीच्या कठड्याचे रिव्हेट मोजायचे ठरलं होतं,
सातव्याला आकडे विसरले.
गार लोखंड धरलं, तळहाताला गंज लागला.
श्वास घेण्याच्या मागे लागले नाही,
फक्त सोडत राहिले, लांब,
भाकरीवरची राख फुंकतात तसा.
मुंग्या आल्या. येऊ दिल्या.
चोणक उसळला, उसळत राहिला.
कांदळांची मुळं चिखलात उघडी पडलेली दिसली,
ओहोटी होती बहुतेक, माझ्याआधी नदीची.

फळी धाडकन धक्क्यावर पडली.
स्कूटरी निघाल्या, मासळीच्या पाट्या निघाल्या,
मी सगळ्यात शेवटी.
ओठ परत आले, आधी त्यांना मीठच कळलं.

वर्गात पिएदादने भुवया उंचावल्या.
"चौदा," मी म्हटलं.
"म्हाका काल वीस."
पुढच्या बाकावरची श्रावणी मागे वळली:
कसले गं मार्क? कुठली टेस्ट झाली?
आणि आम्हाला हसू आवरेना,
इतकं की परत धाप लागली,
आणि मी पटकन घड्याळ बघितलं.